क्रिएटिनिन वाढण्याआधी किडनीची इजा ओळखता येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत तीच ती कारणं घेऊन माणसं येतात. वावरात साप चावला, दोन दिवसांपासून हगवण-उलटी आहे, फवारताना चक्कर आली, ताप उतरत नाही. यातल्या काही जणांची किडनी दोन-तीन दिवसांत बसते, आणि पुष्कळदा ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. नातेवाईक, आशाताई, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि नव्याने रुजू झालेले डॉक्टर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

किडनीला अचानक इजा झाली म्हणजे "किडनी फेल" झाली का?

नाही. "किडनी फेल" ऐकलं की घरच्यांना जन्मभराचं डायलिसिस दिसायला लागतं. अचानक झालेली इजा, डॉक्टर जिला एकेआय म्हणतात, ती काही तासांत किंवा काही दिवसांत होते आणि वेळेवर सांभाळली तर बऱ्याच रुग्णांची किडनी पुन्हा काम करू लागते. २०१२ पासून जगभर वापरली जाणारी व्याख्या अशी आहे: ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅमने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर ती इजा समजायची. तिन्हींपैकी एक गोष्ट पुरेशी आहे.

बायोमार्कर म्हणजे काय?

रक्तात किंवा लघवीत मोजता येणारी अशी खूण, जिच्यावरून शरीरात काय चाललंय ते कळतं. क्रिएटिनिन हासुद्धा बायोमार्करच आहे. जुना आहे, स्वस्त आहे आणि उशिरा बोलतो.

काल क्रिएटिनिन १.० होतं, आज २.८ आलं. लॅबने चूक केली का?

लॅबवर राग काढू नका, दोन्ही आकडे खरे असू शकतात. क्रिएटिनिन हे आपल्या स्नायूंतून रोज ठरावीक प्रमाणात रक्तात येतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. किडनीने काम थांबवलं तरी ते रक्तात साचायला वेळ लागतो. वावरातली चर बुजली तर त्याच घडीला काही दिसत नाही. पाऊस पडत राहतो आणि काही तासांनी पऱ्हाटीच्या बुडाशी पाणी उभं राहतं, तेव्हा कळतं. क्रिएटिनिन म्हणजे ते उभं राहिलेलं पाणी आहे. चर कधी बुजली, ते त्यावरून कळत नाही.

शिवाय किडनीकडे राखीव ताकद बरीच असते. तिची निम्मी क्षमता गेली तरी क्रिएटिनिन वरच्या मर्यादेच्या आत राहू शकतं. इजा झाल्यापासून आकडा स्पष्ट वाढायला साधारण एक ते दोन दिवस जातात. म्हणून साप चावल्यावर तीन तासांत काढलेलं क्रिएटिनिन नॉर्मल आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की चावण्याआधी किडनी ठीक होती. पुढे काय होणार, हे तो कागद सांगत नाही. या एका गैरसमजापोटी रुग्ण घरी नेले जातात, आणि तिसऱ्या दिवशी तोंडावर सूज आणि दम घेऊन परत येतात.

रिपोर्टवर आकडा नॉर्मलच्या रकान्यात आहे, तरी तुम्ही इजा झाली म्हणता. असं कसं?

कारण रकाना सगळ्यांसाठी एकच छापलेला असतो आणि माणसं सारखी नसतात. निंदणाला जाणारी ४० किलो वजनाची बाई घ्या. अंगात मांस कमी, म्हणून तिचं नेहमीचं क्रिएटिनिन ०.५ असतं. हगवणीनंतर ते ०.९ झालं. रिपोर्टवर ०.९ च्या पुढे खूण नसते, कागद वाचणारा "नॉर्मल" म्हणतो. पण ०.५ चं ०.९ म्हणजे जवळजवळ दुप्पट. व्याख्येप्रमाणे ही पहिल्या टप्प्याची इजा झाली. आमच्या भागात कुपोषण आहे, अंगमेहनतीने झिजलेली म्हातारी माणसं आहेत. त्यांच्याबाबतीत हा धोका फार मोठा आहे.

सिकलसेलच्या रुग्णांचंही तसंच. त्यांचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, आणि पूर्व विदर्भात सिकलसेल किती आहे हे सांगायला नको. आणखी दोन फसवणुका लक्षात ठेवा. भरपूर सलाईन दिल्यावर रक्त पातळ होतं आणि क्रिएटिनिन खोटं कमी दिसतं. जुन्या, रंग मोजायच्या पद्धतीने तपासणी होत असेल तर जास्त काविळीतही आकडा खाली येऊ शकतो. रिपोर्टच्या तळाशी छापलेला ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, तर अचानक झालेल्या इजेत पाहूच नका. क्रिएटिनिन काही दिवस स्थिर असेल तेव्हाच ते गणित लागू पडतं.

यावर एक सोपा उपाय आहे. घरात कोणाचंही क्रिएटिनिन कधी काढलं असेल, बाळंतपणात असो की ऑपरेशनआधी, तो कागद जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. जुना आकडा हाताशी असला तर नवीन आकड्याला अर्थ येतो.

मग लवकर सांगणाऱ्या नव्या तपासण्या कोणत्या?

त्यांचे दोन प्रकार आहेत. काही किडनीचं काम मोजतात, काही किडनीच्या पेशींना झालेली जखम.

पहिल्या प्रकारात सिस्टॅटिन सी. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी हे प्रथिन बनवतात, त्यामुळे स्नायू कमी-जास्त असल्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. वर सांगितलेल्या ४० किलोच्या बाईसाठी ते क्रिएटिनिनपेक्षा न्याय्य आहे. मात्र थायरॉइडचे आजार, स्टिरॉइड आणि सूज यांनी त्याचा आकडा हलतो.

दुसऱ्या प्रकारात सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे तो एनगॅलचा. किडनीतल्या बारीक नळ्यांना इजा झाली की हे प्रथिन झपाट्याने तयार होतं आणि लघवीत, रक्तात दिसू लागतं. २००५ साली लॅन्सेट या नियतकालिकात हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांचा अभ्यास आला. त्यातल्या २० जणांना पुढे किडनीची इजा झाली. क्रिएटिनिनला ते कळायला एक ते तीन दिवस लागले, एनगॅल दोन तासांत वाढलेलं होतं. डॉक्टरमंडळींचं लक्ष या विषयाकडे वळलं ते तेव्हापासून.

किम-१ हे नळ्यांच्या सुरुवातीच्या भागातल्या जखमी पेशींवर दिसणारं प्रथिन, ते थोडं उशिरा वाढतं. आयएल-१८ आहे, आणि जपानमध्ये वापरात असलेलं एल-एफएबीपी आहे. टिम्प-२ आणि आयजीएफबीपी-७ ही जोडी वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची आहे. पेशीवर ताण आला की ती स्वतःचं विभाजन थांबवते, आणि त्या वेळी ही प्रथिनं सुटतात. म्हणजे पूर्ण जखम होण्याआधीचा इशारा. या जोडीवर आधारलेल्या नेफ्रोचेक तपासणीला अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला पुढच्या १२ तासांत मध्यम किंवा गंभीर इजा होण्याचा धोका किती, एवढंच ती सांगते. २०२३ च्या डिसेंबरात तिथेच लहान मुलांसाठी लघवीतल्या एनगॅलच्या तपासणीला मान्यता मिळाली.

२०२० मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने सुचवलं की क्रिएटिनिन वाढलेलं नाही पण असा मार्कर वाढला आहे, अशा रुग्णालाही इजेच्या पहिल्या पायरीवर धरावं. मला हे पटतं. वाट पाहून हाती काहीच लागत नाही.

मार्कर वाढलेला आला तर देता येईल असं औषध आहे का?

झालेली इजा परतवणारं औषध आजही नाही. लवकर कळण्याचा फायदा वेगळा आहे. किडनीला मारणारी औषधं त्याच वेळी बंद करता येतात, पाण्याची कमतरता भरून काढता येते, रक्तदाब सावरता येतो, साखर सांभाळता येते, रंगद्रव्य देऊन करायचा सीटी स्कॅन टाळता येतो आणि लघवी-क्रिएटिनिनवर बारीक नजर ठेवता येते. यात नवल वाटावं असं काही नाही, पण याचा उपयोग होतो. जर्मनीत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयशस्त्रक्रियेनंतर टिम्प-आयजीएफबीपी वाढलेल्या रुग्णांना नेमकी हीच काळजी काटेकोरपणे दिली. इजेचं प्रमाण ७१.७ टक्क्यांवरून ५५.१ टक्क्यांवर आलं.

ही तपासणी आमच्या तालुक्याला होईल का? नागपूरला नमुना पाठवू का?

ग्रामीण रुग्णालयात ती होत नाही. आणि नमुना पाठवून रिपोर्टची वाट पाहायची असेल तर ती तपासणी करण्यातच अर्थ नाही. तिचं सगळं मोल पहिल्या काही तासांत आहे. दुसरी अडचण अशी की यातले बहुतेक अभ्यास अतिदक्षता विभागात आणि हृदयशस्त्रक्रियेनंतर झाले, जिथे इजेची वेळ घड्याळावर माहीत असते. आपल्याकडचा रुग्ण तापाच्या पाचव्या दिवशी येतो. त्यात एनगॅल नुसत्या जंतुसंसर्गानेही वाढतं, लघवीच्या संसर्गानेही वाढतं, जुना किडनीचा आजार असेल तरी वाढलेलं सापडतं. तापाने फणफणलेल्या माणसात ते वाढलं म्हणजे किडनीच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

माझं स्पष्ट मत सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी आधी क्रिएटिनिन दिवसरात्र, तासाभरात मिळायला हवं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन काही मिनिटांत क्रिएटिनिन सांगणारी छोटी यंत्रं आहेत. ती प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आली तर एनगॅलपेक्षा जास्त जीव वाचतील. तोवर आपल्या हातात तीन गोष्टी आहेत: धोका कोणाला आहे ते ओळखणं, लघवी मोजणं आणि क्रिएटिनिन पुन्हा काढणं.

घोणस चावली आहे. किडनीसाठी काय पाहायचं?

घोणस, जिला आपल्याकडे बरेच जण परड म्हणतात, तिचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं आणि किडनीवर अनेक बाजूंनी घाव घालतं. रक्तदाब पडतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, नळ्यांना थेट इजा होते. विदर्भात पेरणीपासून सोंगणीपर्यंत, धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत, तिचे दंश होतच राहतात.

पहिली तपासणी कुठल्याही आरोग्य केंद्रात होते. स्वच्छ, कोरड्या, काचेच्या नव्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, नळी वीस मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलंय, सर्पविषावरची लस लगेच सुरू करायला हवी. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली नळी चालत नाही. दोन्हींत रक्त नीट गोठत नाही आणि निकाल फसतो.

ही तपासणी किडनीची नाही, पण किडनीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची हीच. लस जितकी लवकर, तितकं किडनीपर्यंत पोहोचणारं विष कमी. मांत्रिकाकडे घालवलेले चार तास नंतर कुठल्याही मार्करने भरून निघत नाहीत. श्रीलंकेत घोणस चावलेल्या रुग्णांवर लघवीतल्या एनगॅलचा आणि क्लस्टरिन या तशाच दुसऱ्या प्रथिनाचा अभ्यास झाला आहे, आणि पुढेमागे लघवीच्या पट्टीवर हे जमलं तर आपल्यासाठी ती फार मोठी गोष्ट ठरेल. आज मात्र नियम असा ठेवा: रक्त गोठू लागलं तरी निदान पहिले तीन दिवस रोज क्रिएटिनिन, आणि दर तासाची लघवी कागदावर. कंबर दुखणं, लघवी लालसर होणं, डोळ्यांभोवती सूज येणं यातलं काहीही दिसलं तर डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात हलवायचं. १०८ ची गाडी बोलावताना "साप चावलाय आणि लघवी कमी आहे" असं दोन्ही सांगा.

घरी किंवा वॉर्डात लघवी मोजायची कशी?

खुणा असलेली प्लास्टिकची बाटली किंवा मोजपात्र घ्या. ते नसेल तर लिटरभराच्या रिकाम्या पाण्याच्या बाटलीवर सलाईनच्या बाटलीने मापून पेनाने खुणा करा. रुग्णाने प्रत्येक वेळी त्यातच लघवी करायची. वेळ आणि माप लिहायचं. "झाली", "थोडी झाली" असं लिहू नका, आकडा लिहा.

हिशेब सोपा आहे. वजनाचे किलो भागिले दोन, तेवढे मिलिलिटर दर तासाला हवेत. ५० किलोच्या माणसाला ताशी २५, म्हणजे सहा तासांत १५०. चहाचे दोन छोटे कप. सहा तासांत तेवढीही झाली नाही तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही. रात्री रुग्णाजवळ बसलेली बहीण किंवा मुलगा हे काम कोणत्याही यंत्राइतकं चोख करतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी लघवी घटते, आणि हा मार्कर फुकट आहे.

लघवी भरपूर होतेय, म्हणजे किडनी ठीक आहे ना?

तसं धरून चालू नका. लेप्टोस्पायरोसिसमध्ये, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापात, किडनीला इजा होऊनही लघवी पुष्कळदा नेहमीइतकीच होते आणि रक्तातलं पोटॅशियम उलट कमी असतं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफस, म्हणजे झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप, पसरला, तेव्हापासून आपल्याकडे तापाच्या रुग्णाची काख-जांघ तपासून काळी खपली शोधायची सवय लागली. तशीच तापाच्या पाचव्या दिवशी क्रिएटिनिन काढायची सवय लागायला हवी.

लघवी होत नाही, तर लघवीची सुई का देत नाही?

फ्युरोसेमाइडने लघवी वाढते, पण किडनी वाचत नाही. अंगात पाणीच कमी असेल तर ती सुई उलट घात करते. मात्र तिचा तपासणी म्हणून चांगला उपयोग आहे. पाण्याची तूट भरून निघाल्यावर डॉक्टर ठरावीक डोस देतात आणि दोन तास लघवी मोजतात. २०० मिलिलिटरपेक्षा कमी झाली तर इजा वाढत जाण्याची शक्यता मोठी, आणि रुग्णाला वेळेत डायलिसिसच्या ठिकाणी पाठवता येतं. महागडे मार्कर नसलेल्या ठिकाणी ही तपासणी फार कामाची आहे. ती रुग्णालयातच करायची, घरी नाही.

मे महिन्यात उन्हात काम केल्यावर लघवी चहासारखी झाली. काय समजायचं?

चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि त्याच दिवसांत तेंदूपत्त्याची तोडणी असते. नुसती गडद पिवळी लघवी पाणी आणि ओआरएसने दोन-चार तासांत फिकी होते. कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी लघवी म्हणजे स्नायू फुटून त्यातला रंग किडनीत उतरतोय. आग्या मोहोळाच्या बऱ्याच माशा चावल्यावरही हेच होतं. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी सापडत नाहीत, ही त्याची खूण. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फवारणीच्या विषबाधेत किडनी जाते का?

विषावर अवलंबून आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. अशा कीटकनाशकांचा पहिला मारा बहुधा मज्जातंतू आणि श्वासावर असतो. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं तर गोष्ट वेगळी. त्यावर उतारा नाही, ते किडनीवाटेच बाहेर पडतं आणि तीच किडनी ते आधी मोडतं, मग फुप्फुस. घोटभर प्यायलेला माणूस पहिल्या दिवशी ठणठणीत बोलतो, त्यावर जाऊ नका. डबा किंवा त्याचा फोटो सोबत आणा.

अंगदुखीची गोळी किंवा सुई घेतल्याने खरंच एवढं होतं?

निरोगी, भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाला एका गोळीने सहसा काही होत नाही. पण हगवण लागलेली, उन्हात दिवसभर वेचणी केलेली, बीपीची गोळी चालू असलेली म्हातारी आजी असेल, तर डायक्लोफेनॅकची एक सुई पुरते. पाणी कमी असताना किडनीचा रक्तपुरवठा ज्या यंत्रणेवर टिकून असतो, तीच यंत्रणा ही औषधं बंद पाडतात. ताप आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल घ्या. हगवण-उलटी चालू असेपर्यंत बीपीची गोळी घ्यायची की थांबवायची, हे त्याच दिवशी फोनवर का होईना डॉक्टरांना विचारा.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. हा तोच आजार का?

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातून किडनीच्या ज्या तक्रारी वर्षानुवर्षं येतात, त्या मुख्यतः हळूहळू वाढणाऱ्या, तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या आजाराच्या आहेत. अचानक होणारी इजा वेगळी. पण आधीच कमजोर किडनीवर हगवणीचा किंवा सुईचा घाव लवकर बसतो. म्हणून तिथल्या चाळिशीपुढच्या माणसांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यावं.

बरं वाटल्यावर पुन्हा तपासायची गरज आहे का?

आहे. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवी नक्की तपासा. काही जणांची किडनी पूर्ण सावरत नाही आणि त्यांना ते वर्षानुवर्षं कळत नाही. डायलिसिसची वेळ आली तर अनेक जिल्हा रुग्णालयांत सोय आहे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

रुग्णाला पुढे पाठवताना चिठ्ठीवर काय लिहावं?

हे मी उपकेंद्रातल्या आणि आरोग्य केंद्रातल्या सहकाऱ्यांना कळकळीने सांगतो, कारण "किडनी? रेफर" एवढ्या दोन शब्दांच्या चिठ्ठ्या येतात. दंश, हगवण किंवा ताप कधी सुरू झाला ती तारीख आणि वेळ. वजन. गेल्या सहा आणि बारा तासांतली लघवी मिलिलिटरमध्ये. आजवर जेवढी क्रिएटिनिन काढली ती सगळी, नुसती शेवटची नाही, प्रत्येकीपुढे वेळ. किती सलाईन गेलं. सर्पविषावरच्या लसीच्या किती बाटल्या, कधी. आणि गावात कोणी दुखण्याची सुई किंवा झाडपाल्याचं औषध दिलं असेल तर तेही, रुग्णाच्या नातेवाइकांना न रागावता विचारून.